एकाच कारखान्याला ‘सेझ’चा दर्जा : साणंद आणि धारवाडच्या मंजुरीचा अर्थ

सेमीकंडक्टर आणि इलेक्ट्रॉनिक सुटे भाग बनवणाऱ्या उद्योगांसाठी विशेष आर्थिक क्षेत्राच्या, म्हणजेच सेझच्या, नियमांत केंद्र सरकारने 3 जून 2025 रोजी बदल अधिसूचित केले. पाठोपाठ दोन मंजुऱ्या जाहीर झाल्या. गुजरातमधील साणंद येथे मायक्रॉन कंपनीचे 37.64 हेक्टरवरील क्षेत्र उभे राहणार असून त्यात अंदाजे 13,000 कोटी रुपयांची गुंतवणूक आहे. कर्नाटकातील धारवाड येथे एकस समूहाच्या कंपनीचे 11.55 हेक्टरवरील क्षेत्र होणार असून तेथील अंदाजित गुंतवणूक 100 कोटी रुपये आहे. आपण उद्योजक, पुरवठादार, कामगार किंवा करदाते असाल, तर या निर्णयाचा आपल्याशी काय संबंध आहे, ते येथे पाहू.

सेझचा दर्जा म्हणजे नेमके काय?

सेझ कायदा 2005 मध्ये संमत झाला आणि 10 फेब्रुवारी 2006 पासून नियमांसह लागू झाला. या कायद्यानुसार अधिकृत कामकाजापुरते हे क्षेत्र भारताच्या सीमाशुल्क हद्दीबाहेरचे मानले जाते. जमीन भारताचीच असते, कायदे भारताचेच चालतात. पण मालाच्या दृष्टीने कुंपणापलीकडे जणू परदेश असतो. त्यामुळे आत येणाऱ्या यंत्रांवर आणि कच्च्या मालावर सीमाशुल्क लागत नाही. मात्र तयार माल देशात विकायचा झाला, तर तो आयात झाला असे समजून शुल्क भरावे लागते.

नव्या युनिटांना आयकरातील सवलत आता मिळत नाही. त्यामुळे सीमाशुल्क आणि जीएसटीतील सूट हेच या दर्जाचे मुख्य आकर्षण उरले आहे.

नियमांत काय बदलले?

1. जमीन : या उद्योगांसाठी किमान 50 हेक्टर सलग जमिनीची अट 10 हेक्टरवर, म्हणजे सुमारे 25 एकरांवर, आली. साणंद आणि धारवाड या दोन्ही जागा जुन्या अटीत बसल्या नसत्या.

2. बोजा : जमीन केंद्र किंवा राज्य सरकारकडे, अथवा त्यांच्या अधिकृत संस्थांकडे गहाण वा भाडेपट्ट्याने असली, तरी ती बोजारहित असण्याची अट मान्यता मंडळ शिथिल करू शकते.

3. देशांतर्गत विक्री : या क्षेत्रांतील युनिटांना लागू असलेले शुल्क भरून देशातही माल पुरवता येईल.

4. परकीय चलनाचा हिशेब : विनामूल्य आलेल्या आणि विनामूल्य पाठवलेल्या मालाचे मूल्यही निव्वळ परकीय चलनाच्या मोजणीत धरले जाईल.

चौथा बदल तांत्रिक वाटला तरी महत्त्वाचा आहे. चिपची जुळणी आणि चाचणी करणाऱ्या कारखान्यात पालक कंपनी सिलिकॉनचे वेफर अनेकदा पैसे न आकारता पाठवते आणि तयार चिप परत नेते. येथे खरेदी-विक्रीचे बिलच नसते. आता अशा मालाचे मूल्य सीमाशुल्काच्या मूल्यांकन नियमांप्रमाणे ठरेल. सेझ युनिटला पाच वर्षांच्या एकत्रित हिशेबात निव्वळ परकीय चलन शिल्लक दाखवावी लागते. म्हणजे एकाच समूहातील दोन कंपन्यांनी मालाची किंमत किती लावली, यावर अटीचे पालन झाले की नाही हे ठरणार. ही किंमत नीट तपासली गेली तरच अटीला अर्थ राहील.

फायदा सर्वांना सारखा आहे का?

नाही, आणि हे उदाहरणातून लगेच कळते. समजा, एक सुटा भाग 100 रुपयांचा आहे. त्यात 60 रुपयांचा आयात माल आणि 40 रुपयांचे भारतीय श्रम व साहित्य आहे. तयार भागावर 15 टक्के आणि कच्च्या मालावर 10 टक्के सीमाशुल्क आहे असे धरू. सेझमधून तो देशात विकला, तर पूर्ण 100 रुपयांवर, म्हणजे 15 रुपये, शुल्क बसेल. आपल्याच कामगाराच्या श्रमावरही आयात शुल्क लागेल.

सीमाशुल्क कायद्याच्या कलम 65 खाली, 2019 च्या विनियमांनुसार, बंधपत्रित गोदामात उत्पादन करण्याची सोय आहे. त्या मार्गाने तोच भाग विकला, तर फक्त 60 रुपयांच्या आयात मालावर 6 रुपये शुल्क येईल. तेथे निर्यातीची सक्ती नाही, यंत्रांवरील शुल्कही पुढे ढकलले जाते आणि किमान क्षेत्रफळाची अटही नाही.

चिपचे गणित वेगळे आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात भारत सहभागी असल्याने इंटिग्रेटेड सर्किटवर मूळ सीमाशुल्क शून्य आहे. त्यामुळे साणंदची मेमरी चिप देशात विकताना मूळ सीमाशुल्काचा भार येत नाही; आयातीप्रमाणे एकात्मिक जीएसटी तेवढा लागतो. ज्या सुट्या भागांवर शुल्क आहे, त्यांच्या उत्पादकाला हा लाभ नाही. देशातील मागणीवर विसंबून असलेल्या उद्योजकाने अर्ज करण्यापूर्वी दोन्ही मार्गांचा हिशेब मांडून पाहावा.

पुरवठादार आणि कामगारांनी काय लक्षात ठेवावे?

सेझला अधिकृत कामकाजासाठी माल किंवा सेवा पुरवल्यास जीएसटीत तो शून्य दराचा पुरवठा ठरतो. हमीपत्र देऊन कर न भरता पुरवठा करता येतो आणि साचलेल्या इनपुट टॅक्स क्रेडिटचा परतावा मागता येतो. पण माल सेझमध्ये पोहोचल्याची नोंद हवी, नाहीतर परतावा अडकतो. उलट, सेझमधून आपण माल घेतलात, तर आयातीची कागदपत्रे करावी लागतात.

कामगार कायदे सेझमध्येही लागू आहेत. कामगार संघटना, औद्योगिक विवाद आणि कामगार कल्याणाचे कायदे शिथिल करण्याचा अधिकार सेझ कायद्याने केंद्राला दिलेला नाही.

करदात्यांनी काय पाहावे?

साणंद प्रकल्पाच्या खर्चापैकी 50 टक्के केंद्र आणि 20 टक्के गुजरात सरकार अर्थसाहाय्य म्हणून देणार आहे. सेझची सूट ही त्यावरची भर आहे. म्हणून अशा क्षेत्रात कारखाना उभा राहिला एवढ्यावर समाधान मानू नये. किती रोजगार मिळाला आणि किती मूल्यवर्धन देशात झाले, याचा हिशेब दरवर्षी लोकांसमोर यायला हवा.

जुना अनुभव तसेच सांगतो. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या 2014 च्या अहवालानुसार अधिसूचित सुमारे 45,636 हेक्टरपैकी 28,488 हेक्टरवरच काम सुरू झाले होते. मोठमोठ्या सेझसाठी शेती घेण्यावरून रायगड जिल्ह्यात झालेला विरोध महाराष्ट्राच्या लक्षात आहे. 10 हेक्टरच्या अटीने जमिनीची हाव कमी होते, ही जमेची बाजू. मात्र लहान क्षेत्रे वाढली, तर सीमाशुल्क अधिकाऱ्यांना तितक्याच जास्त कुंपणांवर लक्ष ठेवावे लागेल. त्यासाठी मनुष्यबळ पुरेसे आहे का, हा प्रश्न प्रत्येक नव्या मंजुरीबरोबर विचारला पाहिजे.

अर्ज कोठे करावा?

क्षेत्र उभारणाऱ्याने राज्य सरकारमार्फत किंवा थेट वाणिज्य विभागाच्या मान्यता मंडळाकडे अर्ज करावा. मंजुरीनंतर केंद्र सरकार जमीन अधिसूचित करते. आधीच अधिसूचित क्षेत्रात केवळ युनिट सुरू करायचे असेल, तर त्या क्षेत्राच्या विकास आयुक्तांकडे अर्ज करावा.