फॉरमॅट मारण्यापूर्वी

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर विंडोज ११ वर गेलेल्या दुकानांत आणि कार्यालयांत एक तक्रार हमखास निघते: इंटरनेट पूर्वीसारखेच चालते, पण शेजारच्या टेबलावरच्या संगणकातली फाइल उघडता उघडत नाही. धावड्यासारख्या गावातल्या कृषी सेवा केंद्रात संगणकांचे जाळे म्हणजे दोन संगणक, एक स्विच आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा ठेवलेले एक फोल्डर. दुरुस्तीला माणूस भोकरदनहून किंवा जालन्याहून येतो आणि टोपी काढायच्या आत सांगतो, ‘फॉरमॅट मारून देतो.’  जी विंडोज आल्यावर वेग पडला, तीच कोरी करून पुन्हा टाकल्याने तो कसा परत येणार, असे विचारण्याची पद्धत नाही.

आधी मोजावे. एकच मोठी फाइल कॉपी करताना आकडा सेकंदाला ११-१२ मेगाबाइटवर अडकला, तर विंडोजची चौकशी तूर्त थांबवावी. तो १०० मेगाबिट जोडणीचा आकडा आहे. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात. एखादी क्रिम्पिंगमध्ये सुटली की नेटवर्क कार्ड गुपचूप १०० वर उतरू शकते. 

मोठी फाइल धावते आणि टॅली रेंगाळते, असे असेल तर असंख्य छोट्या वाचनांमध्ये अँटिव्हायरस नाक खुपसतो आहे का, ते पाहावे. नावाने फोल्डर उघडायला वेळ लागतो पण आयपी पत्त्याने लगेच उघडते, तर वेळ नाव शोधण्यात जातो आहे. शेजारी संगणकांची यादीच दिसत नसेल, तर त्याचा इतिहास असा: मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने एसएमबी या विंडोजच्या फाइल-वाटपाच्या पद्धतीच्या जुन्या आवृत्तीतल्या, म्हणजे एसएमबी-१ मधल्या, भोकातून धुमाकूळ घातला. त्याच वर्षीच्या शरद ऋतूतल्या अपडेटपासून नव्याने टाकलेल्या विंडोज १० मध्ये एसएमबी-१ आपोआप येईनासे झाले आणि त्याच्या आधाराने चालणारी शेजारी संगणकांची जुनी यादीही गेली. ती यादी परत दिसावी म्हणून एसएमबी-१ पुन्हा चालू करून देणारे कारागीर अजून भेटतात.

अपग्रेडनंतरची खरी मंदी समजायची तर २००७ ची विंडोज व्हिस्टा आणि २०२४ च्या ऑक्टोबरात आलेले विंडोज ११ चे २४एच२ हे अपडेट शेजारी ठेवावे. व्हिस्टावर गाणे लावले की नेटवर्क मंदावे. आवाज तुटू नये म्हणून त्या काळात मिलिसेकंदाला दहाच पॅकेट घ्यायची, असे बंधन मायक्रोसॉफ्टने घातले होते. दीड हजार बाइटच्या पॅकेटने हिशेब केला तर सेकंदाला जेमतेम १५ मेगाबाइट. १०० मेगाबिटच्या जाळ्यात हे कुणाला जाणवण्याचे कारण नव्हते, गिगाबिटवाले ओरडले. पुढे ही मर्यादा बदलण्यासाठी रजिस्ट्रीत एक नोंद मिळाली. तीच नोंद आजही ‘वेग वाढवा’ छापाच्या व्हिडिओंमधून रामबाण म्हणून वाटली जाते, गाणे लागलेले असो वा नसो.

२४एच२ मधले बंधन वेगळ्या हेतूचे आहे. प्रो आवृत्तीत एसएमबीच्या प्रत्येक जोडणीला स्वाक्षरी सक्तीची झाली. वाटेत कुणी फेरफार केला तर कळावे म्हणून प्रत्येक संदेशावर गणिती शिक्का बसतो आणि समोरचा तो तपासतो. नव्या प्रोसेसरला याचा भार विशेष वाटत नाही. दम लागतो तो कोपऱ्यातल्या जुन्या स्टोरेज पेटीला, किंवा ‘सर्व्हर’ म्हणून बढती दिलेल्या दहा वर्षांच्या संगणकाला. बिनपासवर्डाच्या पाहुण्या जोडणीवर स्वाक्षरी होऊच शकत नाही, त्यामुळे ‘पासवर्ड काढून टाकला, कटकट नको’ म्हणणाऱ्या दुकानांत फोल्डर हळू नव्हे, बंदच झाले. व्हिस्टाने कान सांभाळला, २४एच२ डेटा सांभाळते. दुसरा सौदा निश्चितच शहाणपणाचा. पण दोन्ही वेळा खुलासा तांत्रिक कागदपत्रांत राहिला आणि गल्ल्यावर बसलेल्या माणसाला पडद्यावर फक्त रेंगाळणारी हिरवी पट्टी दिसली.

प्रत्येक मंदी हेतुपुरस्सर नसते. विंडोज ११ च्याच २०२२ मधल्या २२एच२ अपडेटमध्ये मोठ्या फाइली एसएमबीवरून ओढताना वेग सुमारे ४० टक्क्यांपर्यंत पडू शकत होता. तो सरळ दोष होता, मायक्रोसॉफ्टने मान्य केला आणि नंतरच्या अपडेटने मिटवला. तिथेही फॉरमॅटचा उपयोग शून्य होता.

स्वाक्षरीवर संशय असेल तर पॉवरशेलमधून सक्ती तात्पुरती काढावी, तीच फाइल पुन्हा कॉपी करावी आणि दोन आकडे लिहून ठेवावेत. दोन्ही बाजूंना २४एच२ प्रो असेल तर सक्ती दोन्हीकडे काढावी लागते, नाहीतर चाचणी फुकट. आकडा हलला नाही तर स्वाक्षरी निर्दोष, नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरकडे वळावे. आकडा उसळला तरी सक्ती पुन्हा लावावी, जुन्या पेटीचे फर्मवेअर अद्ययावत करावे, आणि ते मिळत नसेल तर टॅलीचा डेटा दोनपैकी नव्या संगणकावर हलवावा.