१८६४ ची निवडणूक : एक ‘जर-तर’

इतिहासांत ‘जर-तर’ला स्थान नाहीं असें म्हणतात, आम्हांस तें पटत नाहीं. १८६४ सालीं अमेरिकेंत यादवी चालू असतांच अध्यक्षाची निवडणूक आली. आपण बहुधा हरणार, असें लिंकननें २३ ऑगस्टला लिहून ठेविलें होतें. परंतु २ सप्टेंबरला अटलांटा शहर उत्तरेच्या हातीं आलें व वारें फिरलें. प्रतिस्पर्धी सेनापति मॅक्लेलन जिंकता, तर देश कदाचित् एक राहिलाहि असता; परंतु गुलामगिरी नष्ट करण्याचा आग्रह त्यानें धरिला नव्हता. ती बंद करणारी, जूनमध्यें फसलेली तेरावी घटनादुरुस्ती लिंकनच्या विजयानंतर, ३१ जानेवारी १८६५ रोजीं, आवश्यकतेहून अवघीं दोन मतें अधिक मिळून प्रतिनिधिगृहांत संमत झाली. लक्षावधि दासांची मुक्ति इतक्या थोडक्यावर अवलंबून होती! म्हणून, वाचकहो, ‘एका मतानें काय होणार?’ असें आपण कधींहि म्हणूं नये.