दुखणे लपवू नका

मैत्रिणींनो, गुदद्वाराजवळ गळू होऊन फुटते, बरे वाटते आणि पुन्हा पू येतो. आपण मूळव्याध समजून गप्प बसतो. मीही दीड वर्ष कोमट पाण्याच्या शेकावर काढले! शेकाने ठणका थांबतो, पण आतली नळी बुजत नाही. हे भगंदर असू शकते.

आता लेसरचा उपाय आहे. बारीक तंतू नळीत घालून ती आतूनच आक्रसवतात. शौचावर ताबा ठेवणारा स्नायू कापावा लागत नाही. बाळंतपणात टाके पडले असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. तो स्नायू आधीच दुबळा असू शकतो.

मात्र लेसर प्रत्येकीला चालतोच असे नाही, काहींना दुखणे उलटतेही. तेव्हा आधी नीट तपासणी करा, खर्च विचारा. पण लाजेपायी अंगावर काढू नका, बरं का!