निशाण बदललें, खोत तोच राहिला

शास्त्री नदीच्या मुखावरील जयगडचा किल्ला इ. स. १८१८ च्या जूनमध्यें लढाईवांचून कंपनी सरकारच्या ताब्यांत गेला. एक निशाण उतरलें, दुसरें चढलें. खालच्या वाड्यांतील कुणब्याला, सुताराला कोणीं कांहीं विचारलें नाहीं.

व्यापार करावयास आलेल्या कंपनीनें एवढें राज्य मिळविलें तें केवळ तरवारीनें नव्हे. १८०२ सालीं दुसऱ्या बाजीरावानें वसईच्या तहानें कंपनीची फौज घेतली व तिच्या खर्चासाठीं २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. १८१७ च्या पुण्याच्या तहानें उत्तर कोंकण गेलें. १८१८ त बाजीराव शरण आला. त्यास सालीना आठ लाखांची नेमणूक मिळाली. १८४८ त औरस वारस नाहीं म्हणून सातारा खालसा झाला.

ही रीत एकट्या कंपनीचीच नव्हे. १८०३ सालीं फ्रान्सनें लुइझियानाचा अफाट मुलूख अमेरिकेस दीड कोटी डॉलरांस विकला. १८६७ सालीं रशियानें अलास्का ७२ लाखांस दिला. तेथील मूळच्या रहिवाशांस ना विकणारानें पुसलें, ना घेणारानें. बाजारांत बैल घेतांना गिऱ्हाईक त्याचे दांत तरी पाहतें!

आतां धनी बदलल्यानें कसणाराचें काय झालें? रत्नागिरी जिल्ह्यांत पेशवाईंतला खोत इंग्रजींतहि कायम राहिला. सरकारास वसूल हवा होता, तो खोत भरी. मग तो कुळाकडून किती धान्य नेतो, किती वेठ घेतो, ह्याची पंचाईत कोणास? १८८० सालीं खोतीचा कायदा झाला, खोती गेली नाहीं. खोत कोणत्याहि जातीचा असो, सोसणारी पाठ कुळाचीच.

१९३७ सालीं डॉ. आंबेडकरांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत खोती नष्ट करण्याचें बिल मांडलें. १९३८ च्या जानेवारींत हजारों शेतकरी कायदेमंडळावर मोर्चा घेऊन गेले. अखेर १९४९ सालीं खोती रद्द करणारा कायदा झाला. निशाण बदलल्यास तेव्हां १३१ वर्षें झालीं होतीं! राजे तहाच्या एका सहीनें मुलूख देऊन मोकळे झाले; कुळाला आपल्या हक्कासाठीं स्वतः उठावें लागलें.

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, जमीन कागदावरच जाते आणि कागदावरच राखावी लागते. आपला सातबारा काढून वाचा. मजकूर समजल्यावांचून सही-अंगठा देऊं नका. आणि मुलामुलींस असें शिकवा कीं, तुम्हांस न विचारतां तुमची भुई पुन्हां कोणीं कोणास देऊं नये.