पाळकाचा पगार आणि टिळकांचा दरबार

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांना शालेय पाठ्यपुस्तकांनी ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून मराठी घराघरांत पोहोचवले. परंतु ज्या कामासाठी त्यांनी आयुष्याची शेवटची चोवीस वर्षे वेचली, ते ख्रिस्ती सेवेचे काम याच पुस्तकांनी कविपरिचयाच्या एखाद्या ओळीत गुंडाळून टाकले. टिळक हे दीक्षित पाळक होते. पाळक म्हणजे मंडळीची उपासना चालवणारा, बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे विधी करणारा आणि सुखदुःखात घरोघर जाणारा सेवक. तर ‘मंडळी’ हा मराठी प्रॉटेस्टंटांचा शब्द चर्चच्या इमारतीपेक्षा तिथे जमणाऱ्या श्रद्धावंतांच्या समाजाला लागू होतो. परदेशी वसलेल्या मराठी माणसाने आपल्या संस्थेला ‘मंडळ’ म्हणावे आणि ख्रिस्ती माणसाने आपल्या समाजाला ‘मंडळी’, हे शब्दांचे नाते लक्षात घेण्याजोगे आहे.

टिळकांच्या ख्रिस्तचिंतनाविषयी लिहिताना अभ्यासक सहसा ‘देशीकरण’ हा शब्द वापरतात, म्हणजे परक्या भूमीतून आलेल्या धर्माला इथली भाषा, इथले छंद आणि इथली भक्तिरीती मिळवून देणे. हे वर्णन खरे आहे, पण अपुरे आहे. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे टिळक सांगत. त्यांनी अभंग आणि भजने रचली, ख्रिस्ती कीर्तने केली, आणि ‘उपासना-संगीत’ या गीतसंग्रहातील फार मोठा वाटा त्यांच्या रचनांचा आहे. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले, तेव्हा त्याचे बहुतांश अध्याय लिहून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांनी ते पूर्ण केले. मात्र चाल, टाळ आणि छंद यांवरच थांबणारे देशीकरण किती ठिसूळ असते, हे टिळकांच्या आधीच्या इतिहासातच दिसते.

थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ भाषेच्या दृष्टीने इतका इथला आहे, की मराठीच्या थोरवीचे दाखले देताना आजही त्याचा उल्लेख होतो. तरीही त्याच गोव्यात १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेचा वापर बंद करून तीन वर्षांत पोर्तुगीज आत्मसात करण्याचे फर्मान काढले. ते फर्मान तंतोतंत अमलात आले नाही हे खरे, परंतु चर्चमधील ओवी ज्यांच्या परवानगीने गायली जात होती, ते ती परवानगी काढूनही घेऊ शकत होते. लोकांची भाषा उपासनेत आली, म्हणून निर्णयाचा अधिकार लोकांकडे आला नव्हता.

टिळकांसमोरचा पेच याच जातीचा होता, फक्त राजसत्तेच्या जागी पगारपत्रक आले होते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर ते ज्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागले, ते १८१३ पासून मुंबईत आणि १८३१ पासून अहमदनगरात होते, आणि त्याची शासनपद्धती काँग्रिगेशनल होती. या पद्धतीत वर बिशप नसतो; प्रत्येक मंडळी स्वतंत्र असते, आपला पाळक आपण निवडते आणि आपले निर्णय सभेत बहुमताने घेते. कागदावर याहून लोकशाही रचना दुसरी कोणती असणार? व्यवहारात मात्र शाळा, वसतिगृहे आणि कित्येक सेवकांचे वेतन यांचा आधार समुद्रापलीकडून येणारा पैसा होता, त्यामुळे स्वतंत्र म्हणवणारी मंडळी मोठा निर्णय घेताना मिशनरी साहेबांच्या बंगल्याकडे पाहत असे. मिशनऱ्यांनी मालक न राहता मित्र व्हावे, असा टिळकांचा आग्रह होता. स्वतः वर्षानुवर्षे मिशनचे वेतन घेतलेल्या माणसाचा हा आग्रह असल्यामुळे त्याला उपदेशापेक्षा कबुलीचे वजन येते.

१९१७ मध्ये त्यांनी ते सवेतन काम सोडले, संन्यस्त वृत्तीने साताऱ्यास जाऊन राहिले आणि ‘देवाचा दरबार’ उभा करू लागले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे सर्व ख्रिस्तशिष्य या दरबारात एकत्र यावेत, ही कल्पना तेव्हाच्या चर्चला पचणारी नव्हती, कारण तिने सभासदत्वाची व्याख्याच सैल होत होती. दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही.

टिळकांवर एक गंभीर आक्षेप घेता येतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. नगर जिल्ह्यातील मंडळ्यांत बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजांतून आले होते, आणि त्यांच्यासाठी मिशनचा पैसा म्हणजे पाटी, वसतिगृह आणि गावकीच्या जाचातून सुटण्याची वाट होती. चित्पावन घरातून आलेल्या कवीने परावलंबनाचा धिक्कार करावा, हे त्यांना कितपत परवडणारे होते? शिवाय ज्या वारकरी परंपरेला टिळक पूल म्हणत होते, तिच्या पंढरीत महार समाजातील संत चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. टिळकांना या अंतराची जाणीव नव्हती असे नाही. नवऱ्याच्या धर्मांतरानंतर काही वर्षांनी परत संसारात आलेल्या लक्ष्मीबाईंनी आरंभी सोवळे कसे सांभाळले, आपले पाणी आणि आपली चूल वेगळी कशी ठेवली, आणि हा विटाळ माणसाने निर्माण केला आहे हे एके दिवशी कसे उमगले, याचे विलक्षण प्रांजळ वर्णन त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे; त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा. पाळकाच्या घरात समतेला माजघर ओलांडायला एवढा काळ लागला, तर मंडळीत तिचा वेग काय असणार, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. या आक्षेपाने टिळकांच्या प्रश्नाचे बळ घटत नाही, उलट त्याची व्याप्ती वाढते: सत्ता परदेशी साहेबाकडून निघून कोणाकडे जावी, हेही मग विचारावे लागते.

परदेशातील मराठी मंडळांना हा प्रश्न परका वाटू नये, कारण सभागृहाचे भाडे आणि वर्गणी ज्यांच्या हातून जाते, कार्यक्रमाचा साचाही तेच ठरवतात, हे त्यांच्या नित्य अनुभवाचे आहे. नाताळच्या सुमारास एखाद्या मराठी ख्रिस्ती कुटुंबाला टिळकांचे गीत म्हणण्यासाठी अगत्याने व्यासपीठावर बोलावले जाते, पुढच्या वर्षीच्या कार्यकारिणीची नावे सुचवताना मात्र तेच कुटुंब सहसा कोणाला आठवत नाही.