बदली एकाची, बिऱ्हाड सगळ्यांचं

जर्मनीत कायझर्सलाउटर्नजवळच्या लांडश्टूल गावी टेकडीवर अमेरिकेचं लष्करी रुग्णालय १९५३ पासून उभं आहे. अमेरिकेबाहेरचं त्यांचं सर्वांत मोठं. इराक-अफगाणिस्तानातले हजारो जखमी सैनिक शेजारच्या रामश्टाइन तळावर उतरून आधी इथेच आले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. उपचार करणाऱ्यांसोबत आलेल्या त्यांच्या घरच्यांबद्दल फार थोडं.

बदलीचा हुकूम एकाच्या नावे निघतो, पण कुटुंब न्यायचं तर प्रत्येकाची वैद्यकीय छाननी होते. मुलाला दमा असेल, शाळेत विशेष मदत लागत असेल, तर ती सोय तिथे आहे का, हे आधी पाहिलं जातं. मग सामानाची वाटणी: रोजच्या गरजेचं थोडं पुढे, उरलेला संसार जहाजाने मागाहून. अमेरिकेतली १२० व्होल्टची साधी उपकरणं जर्मनीच्या २३० व्होल्टवर ट्रान्सफॉर्मरविना लावली तर जळतात.

मुलांसाठी लष्कराच्या इंग्रजी शाळा आहेत. जोडीदारासाठी मात्र असं काही तयार नसतं. तळावरच्या नोकऱ्या मोजक्या, बाहेर भाषा आडवी येते, आणि वकिलीसारख्या व्यवसायाचा परवाना परदेशात सहज चालत नाही. ही कुचंबणा क्षुल्लक मानणं आम्हाला अन्यायाचं वाटतं.

नव्याने येणाऱ्यांना वाट दाखवायला तुकडीतलाच एक सहकारी नेमला जातो, ही पद्धत अनुकरणीय आहे. आपल्याकडच्या लष्करी डॉक्टरांच्या घरांनाही बदल्या नव्या नाहीत. त्या घरांतल्या जोडीदारांनी आणि मुलांनी आपले अनुभव आम्हाला जरूर लिहून पाठवावेत.