बाहेर बसल्यावानी

मैत्रिणींनो, हा लेख मी ज्या कागदावर लिहायला घेतलाय, त्याच्या पाठीमागे महालक्ष्म्यांच्या सामानाची यादी आहे. हरभऱ्याची डाळ, गूळ, फुलोऱ्याचा रवा, सोळा भाज्यांपैकी मंडईत न मिळालेल्या चार भाज्यांवर केलेली खूण. यादी भाद्रपदातली. फेकायची राहून गेली आणि कामी आली. माझं लिखाण हे असंच चालतं. ‘ताई, तुम्हाला लिहायला वेळ कसा मिळतो हो?’ असं पुष्कळ जणी विचारतात. मिळत नाही. कुकरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शिट्टीच्या मध्ये जेवढं सुचेल तेवढं लिहायचं, मग डाळ घोटायला उठायचं.

तशी आमच्या जिल्ह्याची परंपराच आहे म्हणा ना! संत जनाबाई गंगाखेडच्या. दळता-कांडता, झाडलोट करता करता त्यांनी अभंग रचले. विठ्ठल जात्यावर बसून त्यांना दळू लागला, हे कीर्तनात ऐकताना सगळ्यांचे डोळे भरून येतात. पण कीर्तन ऐकून घरी गेलेल्या कुणा बाप्यानं बायकोच्या हातातलं लाटणं घेतल्याचं निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. असो.

माझं लग्न फेब्रुवारी २००० मधलं. बी.ए.चा निकाल लागला आणि पुढच्याच लग्नसराईत मी सेलूहून परभणीत आले. यजमानांचं कृषी सेवा केंद्राचं दुकान. म्हणजे पेरणीच्या दिवसांत घरात माणसांचा राबता आणि चहाच्या पातेल्याला उसंत नाही. पंचवीस वर्षं होणार म्हटल्यावर घरात कार्यक्रमाची चर्चा सुरू झाली. मंगल कार्यालय घ्यायचं, मोंढ्यातले लोक, दुकानाची गिऱ्हाइकं, दोन्हीकडचे पाहुणे धरून साडेतीनशे पानं. जावा-नणंदांना साड्या. मीही मनातल्या मनात हिशेब मांडायला लागले होते. मुक्कामी पाहुणे किती, गाद्या कुणाकडून आणायच्या, आदल्या दिवशीचं जेवण घरी की आचाऱ्याकडे?

मुलगी म्हणाली, ‘आई, तुझ्या लग्नाच्या वाढदिवसाला आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत लाडू कोण वळणार आहे?’ मी म्हटलं, मीच. त्यावर ती काही बोलली नाही. पुण्याला नोकरी करणाऱ्या भावाला तिनं फोन लावला. दोघांनी ठरवलं ते असं, की कार्यक्रम रद्द आणि आपण पाच जणांनी मुंबई-गोवा-मुंबई असं जहाजानं जायचं. तीन दिवस, दोन रात्री. पाचवी व्यक्ती म्हणजे आमच्या सासूबाई. वय शहात्तर. त्यांनी समुद्र कधी पाहिलेला नव्हता.

‘क्रूझ’ म्हटलं की आपल्याला सिनेमा आठवतो. आपल्याकडे पूर्वी ती चैन सिंगापूरच्या टूरवाल्यांची होती. मुंबईहून गोव्याला २०१८ साली ‘आंग्रिया’ सुरू झाली, ती पुढे बंद पडली. २०२१ पासून कॉर्डेलियाचं मोठं जहाज मुंबईहून सुटायला लागलं आणि आपल्यासारख्यांच्या कानावर हा शब्द वारंवार पडू लागला. स्वस्त नाहीच. पण कार्यालय, आचारी, मंडप आणि मानपान धरून जो आकडा होत होता, त्याच्यापेक्षा पाच जणांचं तिकीट कमीच निघालं. यजमानांनी तो कागद दोनदा तपासला.

सासूबाईंचं म्हणणं एकच. ‘मी कशाला? घर कोण बघंल?’ शेवटी शेजारणीकडे किल्ली आणि तुळशीला पाणी घालायचं काम सोपवलं, आणि रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसनं निघालो.

जहाजाचं वर्णन मी लांबवत नाही. आत लिफ्ट आहे, दुकानं आहेत, रात्री नाचगाणी आहेत. पत्त्यांचा नि पैशांचा खेळ चालतो तो मजला मला मुळीच आवडला नाही. आम्ही तिकडं गेलोच नाही. जहाज सुटण्याआधी जीव वाचवायचं जॅकेट कसं घालायचं ते सगळ्यांना शिकवतात. नऊवारीवर ते नारिंगी जॅकेट चढवून सासूबाई उभ्या राहिल्या तेव्हा नातवानं फोटो काढला. तो आता आमच्या दिवाणखान्यात आहे. समुद्राची ओटी भरायला त्यांनी खण-नारळ आणला होता. जहाजावरच्या मुलानं हात जोडून सांगितलं, ‘आजी, पाण्यात काही टाकता येत नाही.’ मग त्यांनी नुसता नमस्कार केला आणि मला विचारलं, ‘आपली गंगा इथंच येती का गं?’ आपल्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. मी सांगितलं, नाही, आपली गंगा पलीकडं आंध्रात जाते, तिकडच्या समुद्राला मिळते. त्यांचा जरा हिरमोड झाला.

पहिल्या दिवशी जेवायला गेलो. ताटात घेऊन बसलो, तोच सासूबाई उठून काचेपलीकडच्या स्वयंपाकघराकडे बघत उभ्या राहिल्या. परत येऊन म्हणाल्या, ‘अगं, इथं समदे बापेच रांधायलेत की! पोळ्या बी बापेच लाटायलेत. भांडे बी तेच घासायलेत.’ मी हसले. पण नंतर ते डोक्यातून जाईना. आपल्याकडेही लग्नातला आचारी पुरुषच असतो, वाढपी पुरुष, हॉटेलातला भटारी पुरुष. जिथं पगार आहे तिथं पुरुषाच्या हातांना पोळी लाटता येते. घरात मात्र पाण्याचा तांब्या हातात द्यावा लागतो.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०२४ साली देशभर पाहणी केली, कोण दिवसाचा किती वेळ कशात घालवतो याची. घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्या कामात घालवते, फुकट. पुरुषांची मिनिटं आहेत ८८, आणि तीसुद्धा जे काहीतरी घरकाम करतात त्यांचीच सरासरी. २८९ मिनिटं म्हणजे जवळजवळ पाच तास. हा रोजचा हिशेब झाला. महालक्ष्म्या, दिवाळी, अधिकात जावयाला घालायचे धोंडे, वेळ अमावास्येला शेतात न्यायची भज्जी नि आंबील, त्या दिवशी किती मिनिटं होत असतील ते आपलं आपल्यालाच माहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी जहाजाच्या वरच्या मजल्यावर आम्ही दोघीच बसलो होतो. चहू बाजूंना पाणी. मला इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू! सकाळपासून मला कुणी ‘आज भाजी काय?’ असं विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. सासूबाई मात्र सारख्या पदराचं टोक पिळत होत्या. मी विचारलं, ‘बरं वाटत नाही का? पोटात ढवळतंय?’ त्या म्हणाल्या, ‘न्हाई गं. बाहेर बसल्यावानी वाटायलंय.’

बाहेर बसल्यावानी! मैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेकींनी हे घरात पाहिलंय, काहींनी भोगलंय. ओसरीचा कोपरा, घोंगडी, वेगळा तांब्या, लांबून वाढलेलं ताट. मी त्यांना बोलतं केलं. त्या म्हणाल्या, ‘लगीन झालं तवापास्नं मला निजायला तेवढंच मिळायचं बघ. चार दिस चूल न्हाई, पाणी न्हाई, सासू हाक मारायची न्हाई. रानात खुरपायला मातर चालायचं. तिथं इटाळ नसतोय म्हणं.’ आणि त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

मी पंधरा वर्षं शाळांमधून, खेड्यांमधून मुलींशी पाळीविषयी बोलते आहे. कोपऱ्यात बसवू नका, वेगळं ताट देऊ नका, हे आयांच्या सभेत सांगते. आमच्या घरातही ही प्रथा मी २००३ साली भांडून बंद केली, ती याच सासूबाईंशी भांडून. त्या वेळी त्या एवढ्या का चिडल्या होत्या, ते मला बावीस वर्षांनी समुद्रावर कळलं. मला वाटलं होतं, देवधर्माचं आहे. थोडं असेलही. पण मी त्या घरातल्या बाईची एकुलती एक सुटी बंद करत होते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

गैरसमज नको. ती प्रथा वाईटच होती आणि जिथं अजून चालते तिथंही वाईटच आहे. बाईला अपवित्र ठरवून दिलेली विश्रांती मला नकोच. पण आम्ही सुधारलेल्या बायकांनी तो कोपरा झाडून घेतला आणि त्याच्या जागी काय ठेवलं? काहीच नाही. आता पाळीच्या दुसऱ्या दिवशी कंबर धरून आपण पुरणावरणाचा स्वयंपाक करतो. त्याहून वाईट म्हणजे सण तोंडावर आला की औषधाच्या दुकानातून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणतो, डॉक्टरांना न विचारता. खोटं कशाला बोलू, मीही घेतल्यात. एका वर्षी महालक्ष्म्यांना घेतल्या आणि पुढचे दोन महिने त्रास काढला.

त्या रात्री झोप आली नाही. समुद्रावरून गेलेल्या आपल्याकडच्या बायका आठवत होत्या. १८८३ साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला कलकत्त्याहून बोटीनं अमेरिकेला निघाल्या. त्याच वर्षी पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो असं म्हणणाऱ्या काळात! आणि मीना प्रभू. त्यांची प्रवासवर्णनं मी वाचनालयातून आणून, दूध उतू जाऊ नये म्हणून ओट्याशी उभी राहून वाचलेली आहेत. आम्ही परत आल्यावर थोड्याच दिवसांनी, १ मार्च २०२५ रोजी, त्या गेल्याची बातमी आली.

घरी आल्यावर मी एक खोटेपणा केला. तोही सांगून टाकते. बचत गटाच्या बैठकीत बायकांनी विचारलं, ‘ताई, किती खर्च आला?’ मी म्हटलं, ‘मुलानं नेलं गं, मला काय माहीत.’ मला चांगलं माहीत होतं. पण पाच-पाच हजारांच्या कर्जासाठी सह्या करणाऱ्या बायकांसमोर तो आकडा तोंडातून निघेना. एक जण म्हणाली, ‘आम्ही कवा जायचं मग?’ ती थट्टेनंच म्हणाली होती.

मग आला भाद्रपद. १ सप्टेंबरला महालक्ष्म्यांचं जेवण. मी घरात सांगून टाकलं, भाज्या सोळाच होतील, पण चिरणारे हात चार जास्त पाहिजेत. यजमान आणि मुलगा आंघोळ करून विळीवर बसले. यजमानांनी भेंडी अशी चिरली की बघत राहावं. जेवायला तीस पानांऐवजी दहाच. आमच्या एक चुलत सासूबाई म्हणाल्या, ‘जहाजात बसून आलं की देवाला बी काटकसर होती का?’ मला उत्तर सुचलं नाही. सासूबाईंनीच दिलं, ‘देवी काय पानं मोजायला येती का?’ एवढं बोलून त्या आत जाऊन निजल्या. भर दुपारी, महालक्ष्म्यांच्या दिवशी! पंचवीस वर्षांत हे मी पहिल्यांदा पाहिलं.

त्याच महिन्यात पुढे अतिवृष्टीनं मराठवाड्याचं काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. गटातल्या बऱ्याच जणींचं सोयाबीन पाण्यात गेलं. सहलीचा विषय काढायचीही लाज वाटावी असे दिवस. पण दिवाळीनंतर त्या ‘कवा जायचं’ वालीनंच आठवण केली. समुद्र राहू द्या, गंगेवर तरी जाऊ. एस.टी.त बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढं तर फुकटच. परभणी ते गंगाखेड, जनाबाईचं दर्शन, घाटावर बसायचं आणि संध्याकाळी परत. अट एकच ठेवली, घरून डबा कुणीही आणायचा नाही. जेवायचं ते हॉटेलात.

सतरापैकी चौदा जणी आल्या. एकीनं पिशवीत पोळी-ठेचा लपवून आणलाच होता. ‘सवय जात न्हाई ओ ताई.’ हॉटेलवाल्यानं गरम भजी आणून ठेवली. बराच वेळ कुणी हात लावेना. आधी दुसरीला वाढायची वाट बघत सगळ्या बसलेल्या. सासूबाईंनीच पहिलं भजं उचललं आणि जहाजावरची गोष्ट सुरू केली. ‘तिथं समदे बापेच रांधत्यात.’ कुणाला खरं वाटेना.

त्या घाटावर मी तिकिटाचा आकडा सांगून टाकला. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग कोषाध्यक्ष बाईंनी विचारलं, महिन्याला शंभर रुपये वेगळे टाकले तर किती वर्षं लागतील? आम्ही बोटांवर मोजलं. आकडा मोठा आला, खूप हसलो. पण शंभर रुपये टाकायचं ठरलं आहे. आधी येलदरीचं धरण, मग जमलं तर कोकण.

ज्या तिघी आल्या नाहीत, त्यांतल्या एकीच्या सासूनं ‘घरी पाहुणे आहेत’ असं सांगून तिला ठेवून घेतलं होतं. पाहुणे नव्हते. येत्या गुरुवारी आम्ही चौघी तिच्या घरी जाणार आहोत. सासूबाई म्हणाल्यात, ‘मी येते. तिच्या सासूशी मी बोलते.’